गॅस की वीज? आपल्या घराचा हिशेब आपणच मांडू या

घरातल्या रोजच्या वस्तूंमागचं विज्ञान आणि खर्च समजून घेण्याच्या या मालिकेत आज एक असा प्रश्न घेऊ या, जो नागपूर, इंदूर, बेळगाव, बिलासपूर, कुठल्याही मराठी घरात निघतो. आमच्या जबलपूरच्या अधारतालमध्ये तर हिवाळ्याच्या तोंडावर हमखास निघतो. शेगडी गॅसचीच ठेवायची की इंडक्शन घ्यायचं? आंघोळीच्या पाण्याला गॅसचा गीझर बरा की विजेचा?

सूनबाई म्हणतात, "आई, इंडक्शन घेऊ, ओटा स्वच्छ राहतो." सासूबाई म्हणतात, "त्यावर भाकरी कशी भाजणार गं?" घरातले बाबा म्हणतात, "आधी विजेचं बिल बघा." गंमत अशी, की तिघांचंही बरोबर असतं. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो, एवढंच. म्हणून आपण आज एकेक प्रश्न वेगळा काढू: पैसा, सुरक्षितता, भांडी आणि स्वयंपाक, घराचं वायरिंग, आणि शेवटी पर्यावरण.

अधारतालचं नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांनी बांधलेल्या तलावावरून या भागाला हे नाव पडलं. १९६४ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ इथेच आहे. शेजारी कारखान्यांची वसाहत आहे. रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, विद्यापीठ, वीज मंडळ यांतल्या नोकऱ्यांमुळे जबलपुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि मध्य प्रदेशच्या विजेचा कारभार ज्या शक्ती भवनातून चालतो, ते शक्ती भवनही याच शहरात. तेव्हा विजेचा हिशेब जबलपुरातून सुरू करायला हरकत नाही.

एक सिलिंडर म्हणजे किती युनिट?

गॅस किलोवर मिळतो आणि वीज युनिटवर, म्हणून आपला गोंधळ होतो. दोन्ही एकाच मापात आणू.

एक किलो एलपीजी पूर्ण जाळला, तर साधारण १२.७ युनिट विजेइतकी उष्णता निघते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. गुणाकार केला की साधारण १८० युनिट येतात. म्हणजे आपण ज्याला इथे हिंदीच्या संगतीने 'टंकी' म्हणतो, त्या लाल टंकीत १८० युनिट उष्णता भरलेली आहे.

पण ही सगळी उष्णता भाजीत जात नाही. ज्वाळा भांड्याच्या कडेने वर जातात, ओटा तापतो, आपणही घामाघूम होतो. घरगुती शेगडीसाठी भारतीय मानक संस्थेचं जे मानक आहे, त्यात किमान ६८ टक्के कार्यक्षमता मागितली आहे. ती प्रयोगशाळेतली. घरात बर्नरवर दूध उतू गेलेलं असतं, भांडं लहान आणि ज्योत मोठी असते, म्हणून आपण ६५ टक्के धरू. १८० चे ६५ टक्के म्हणजे ११७ युनिट. एवढी उष्णता खरोखर अन्नात पोहोचते.

इंडक्शनमध्ये ज्योत नाही आणि तापणारी तारही नाही. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि भांड्याच्या बुडातच वीज फिरून बूड तापतं. भांडं हाच तापणारा भाग असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते. कार्यक्षमता ८४ टक्क्यांच्या आसपास येते. मग ११७ युनिट उष्णता अन्नात घालायला मीटरवर किती युनिट पडतील? ११७ भागिले ०.८४, म्हणजे साधारण १४०.

हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. एक सिलिंडर म्हणजे इंडक्शनची १४० युनिट.

आता आपल्या गावातला सिलिंडरचा भाव घ्या आणि त्याला १४० ने भागा. समजा भाव ९०० रुपये आहे. ९०० भागिले १४० म्हणजे सुमारे ६ रुपये ४० पैसे. तुमच्या घरी वाढीव युनिट यापेक्षा स्वस्त पडत असेल, तर इंडक्शन स्वस्त. महाग पडत असेल, तर गॅस स्वस्त. भाव बदलला की पुन्हा भागाकार करायचा.

उज्ज्वला योजनेचं कनेक्शन असेल, तर सबसिडी वजा करून मग भागा. समजा सबसिडी धरून सिलिंडर ६०० रुपयांना पडतो, तर उत्तर येतं ४ रुपये ३० पैसे. अशा घरात विजेने गॅसला हरवणं अवघड आहे.

मुंबई, पुण्यासारख्या शहरांत पाइपचा गॅस असतो. तिथे एक घनमीटर गॅस म्हणजे इंडक्शनची साडेसात ते आठ युनिट, असं धरा आणि तसाच भागाकार करा.

इन्फ्रारेड शेगडीचा हिशेब मात्र वेगळा. दिसायला ती इंडक्शनसारखीच असते, पण तिच्यात खरोखरच तार तापते. कोणतंही भांडं चालतं, हा तिचा गुण. कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास, हा दोष. तिच्यासाठी सिलिंडरला १४० ऐवजी १६५ ने भागा.

बिलातला उंबरठा

मघाशी मी 'वाढीव युनिट' असा शब्द मुद्दाम वापरला. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, हा दर इथे कामाचा नाही. आज जेवढी वीज जळते, तिच्यावर आणखी युनिट चढली तर त्यांना काय पडेल, ते बघायचं. आपल्याकडे विजेचे दर पायऱ्यांनी चढतात. मध्य प्रदेशात ५०, १५० आणि ३०० युनिटांवर पायऱ्या आहेत. महाराष्ट्रात महावितरणची मोठी पायरी १०० युनिटांवर आहे. १०१ व्या युनिटापासून दर चांगलाच उडी मारतो.

मध्य प्रदेशात आणखी एक गोष्ट आहे आणि अनेक घरं तिथेच चुकतात. महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. आधी ही योजना इंदिरा गृह ज्योती नावाने ओळखली जायची, आता अटल गृह ज्योती म्हणतात. वापर १५० च्या वर गेला की त्या महिन्याची सवलत जाते आणि पहिल्या युनिटापासून नेहमीचा दर लागतो.

आता उदाहरण घेऊ. चार माणसांचं घर आहे. सिलिंडर ४५ दिवस पुरतो. विजेचा वापर महिन्याला ११० युनिट. सोपेपणासाठी सगळे आकार धरून सरसकट साडेसहा रुपये युनिट मानू. तुमच्या बिलावरचा आकडा वेगळा असेल, पण रीत हीच.

आजचं बिल: पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये, वरच्या १० युनिटांचे ६५. एकूण १६५.

या घराने सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला. ४५ दिवसांत १४० युनिट म्हणजे महिन्याला ९३. एकूण वापर झाला २०३ युनिट. सवलत गेली. बिल झालं १३२० रुपये. वाढ झाली ११५५ रुपयांची. गॅस वाचला महिन्याला दोन-तृतीयांश सिलिंडर, म्हणजे ६०० रुपयांचा. थोडक्यात, घर महिन्याला साडेपाचशे रुपयांनी खड्ड्यात गेलं. आणि घरात सगळे म्हणत राहतील, "इंडक्शन फार वीज खातं." इंडक्शन तेवढीच वीज खातं जेवढी खायला हवी. महाग पडला तो ओलांडलेला उंबरठा.

त्याच घराने फक्त ४० युनिटांपुरतंच इंडक्शन वापरलं, दूध, चहा, डाळ-भात एवढ्यासाठी, तर वापर बरोबर १५० वर थांबतो. ४० युनिटांचे २६० रुपये वाढले, गॅस वाचला २५७ रुपयांचा. बरोबरी. पैशात फायदा नाही, तोटाही नाही. सोय मात्र झाली. पण १५० चा आकडा गाठत बसू नका, दहा-पंधरा युनिट हात राखून ठेवा. पाहुणे आले, कूलर सुरू झाला, की आकडा पुढे सरकतो.

दुसरं घर घ्या. तिथे आधीच २५० युनिट जळतात, सवलतीचा प्रश्नच नाही. वाढीव युनिट ७ रुपयांना पडतं असं धरू. इंडक्शनची ९३ युनिट म्हणजे ६५१ रुपये, वाचलेला गॅस ६०० रुपयांचा. फरक पन्नास रुपयांचा. महिन्याला पन्नास रुपयांसाठी कुणी भांडू नये. अशा घराने निर्णय पैशावर न घेता सोयीवर आणि सुरक्षिततेवर घ्यावा.

तिसरं घर म्हणजे छतावर सौर पॅनल असलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या उन्हात १ किलोवॉटला दिवसाकाठी साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे ३ किलोवॉटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. घराचा वापर त्याहून कमी असेल, तर उरलेली वीज ग्रिडला स्वस्तात देण्यापेक्षा तिच्यावर कुकर लावावा. या घरात इंडक्शन आणि विजेचा गीझर दोन्ही सरळ फायद्याचे.

गीझर: इथे हिशेब जिवाचा आहे

आता थोडं थांबून ऐका, कारण आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

जबलपूरच्या थंडीत पारा दहा अंशांखाली जातो. लोक बाथरूमची खिडकी लावून घेतात, फटीत कापड कोंबतात आणि आत गॅसचा गीझर सुरू करतात. दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे अशा बाथरूममधून तरुण, धडधाकट माणसं बेशुद्ध किंवा मृत सापडतात. घरच्यांना वाटतं हार्ट अटॅक आला. बऱ्याचदा कारण असतं कार्बन मोनॉक्साइड.

हे कसं होतं, ते आकड्यांत बघू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा. म्हणजे भिंतीवरची ती छोटीशी पेटी चार-पाच मोठ्या बर्नरइतका गॅस एकदम जाळत असते. तासाला साधारण एक किलो. एक किलो एलपीजी जाळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या आंघोळीत दोन घनमीटरहून जास्त.

आता बाथरूम मोजा. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच. सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा. म्हणजे बंद बाथरूममध्ये दहा मिनिटांत जवळजवळ दोन-पंचमांश हवेतला प्राणवायू गीझरने खाल्ला. त्याच्या कितीतरी आधी ज्योतीला प्राणवायू कमी पडू लागतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. तो जळून गेलेला असतो, म्हणून इथे वास मदतीला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त ओढीने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणसाला वाटतं, गरम वाफेनं गरगरतंय. कडी काढायचं भान येईपर्यंत हातात बळ राहत नाही.

काही गीझरमध्ये प्राणवायू कमी झाला की गॅस बंद करणारी सोय असते. ती असावीच, पण तिच्या भरवशावर बंद बाथरूममध्ये गीझर लावू नये. म्हणून नियम सांगतो, त्यात सूट नाही:

गॅसचा गीझर बाथरूमच्या आत नको. तो बाहेर, मोकळ्या हवेत, गच्चीत किंवा बाल्कनीत, आणि पाण्याचा पाइप तेवढा आत. सिलिंडरही बाहेरच. आज तो आत बसवलेला असेल, तर बदलून होईपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या, मगच आंघोळीला जा. एकामागून एक सगळ्यांनी आंघोळी उरकायच्या घरात धोका वाढत जातो. शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांत वाईट हवा येते. आणि ती बहुतेक घरची बाईच असते.

आत कुणी बेशुद्ध झालं असेल, तर दार तोडून आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, तत्काळ दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना सांगा, "गॅस गीझर चालू होता." हे एक वाक्य उपचाराची दिशा बदलू शकतं.

बंद खोलीत रात्रभर पेटवून ठेवलेल्या कोळशाच्या सिगडीचाही धोका नेमका हाच आहे.

खर्चात दोन्ही गीझरांचा फरक मोठा नाही. २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट उष्णता लागते. विजेच्या गीझरला ७ रुपये दराने सव्वाचार रुपये पडतात, गॅसला ९०० रुपयांच्या सिलिंडरवर साडेतीन. बादलीमागे बारा आणे वाचतात. चार बादल्यांचे तीन रुपये. एवढ्यासाठी बंद बाथरूममध्ये ज्योत पेटवायची का, ते तुम्हीच ठरवा.

विजेचा गीझरही निर्धास्त नाही. अर्थिंग नीट हवं. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बोर्डात बसवून घ्या. अंगातून प्रवाह जाऊ लागला तर ती क्षणात वीज तोडते. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बंद करू नका. १५ लिटर पाणी २५ अंश तापायला २००० वॉटच्या गीझरला १३ मिनिटं पुरतात, तेव्हा तासभर आधी बटण दाबायची गरज नाही. आणि बादलीत सोडायचा तो रॉड शक्यतो घरातून काढूनच टाका. वापरायचाच असेल, तर प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही.

ओट्यावर काय जमतं, काय नाही

आता सासूबाईंचा प्रश्न. आपली घडीची पोळी तव्यावरच फुगते, तिला उघडी ज्योत लागत नाही. लोखंडी सपाट तवा असेल, तर इंडक्शनवर पोळी उत्तम होते. भाकरी मात्र शेवटी विस्तवावर टाकावी लागते. फुलक्याचंही तसंच. पापड, भरताचं वांगं, आमच्या महाकोशलातले गक्कड आणि भरता, यांना विस्तवच हवा.

भांडी तपासायची सोपी युक्ती: फ्रिजवरचा चुंबक बुडाला लावा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. तांबं, पितळ, साधं अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. स्टीलची काही भांडी चालतात, काही नाहीत. गोल बुडाची कढई चालत नाही. कुकर, तवा, कढई आणि दोन पातेली नवी घ्यावी लागली, तर तो खर्च शेगडीच्या किमतीत मिळवा. दुकानात फक्त शेगडीची किंमत सांगतात.

दूध, चहा, डाळ, भात, बटाटे, साबुदाण्याची खिचडी, इडली, वरण गरम करणं ही इंडक्शनची हक्काची कामं. एक लिटर पाणी उकळायला अन्नात जाणारी उष्णता ०.०९ युनिट, मीटरवर ०.१ च्या थोडं वर. उकळी आली की लगेच कमी करा. कुकरला दाब आल्यावर फार थोडी उष्णता पुरते, आणि शिट्ट्यांची संख्या वाढवून डाळ लवकर शिजत नाही. ही गोष्ट गॅसलाही तितकीच लागू आहे.

घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल, तर चालू इंडक्शनपासून दोन फूट अंतर ठेवावं आणि डॉक्टरांना विचारूनच ते वापरावं.

भिंतीतली वायर काय म्हणते?

२००० वॉटचं इंडक्शन पावणेनऊ अँपियर प्रवाह ओढतं. पंखा-दिव्याच्या साध्या पिनेचं ते काम नाही. त्याला मोठा पॉवर पॉइंट लागतो, मेन बोर्डापासून वेगळी ओढलेली अडीचची तांब्याची वायर लागते, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग लागतं. जुन्या घरांत ओट्याजवळ मिक्सरपुरता पॉइंट असतो, आणि लोक त्यातूनच एक्स्टेन्शन काढून इंडक्शन लावतात. प्लग गरम होतो, काळा पडतो, जळका वास येतो. तो इशारा समजा आणि लगेच बंद करा.

सकाळी एकाच वेळी गीझर २००० वॉट, इंडक्शन १८०० वॉट आणि इस्त्री १००० वॉट चालू झाली, तर २१ अँपियर होतात. बिलावर 'स्वीकृत भार' असा आकडा छापलेला असतो. तो एक किलोवॉट असेल आणि घरात पाच किलोवॉट चालत असतील, तर भार वाढवून घ्या. आधी गीझर, मग इंडक्शन, अशी सकाळची पाळी लावली तरी पुष्कळ काम भागतं.

वीज गेली तर? दिवे-पंख्यांसाठी घेतलेल्या साध्या इन्व्हर्टरवर इंडक्शन चालत नाही. म्हणून जिथे वीज वरचेवर जाते, तिथे गॅस पूर्ण सोडू नये.

गॅस ठेवला तर त्याचीही देखभाल आहे. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि विजेचं कुठलंही बटण, अगदी बंद करण्यासाठीसुद्धा, दाबू नका. घराबाहेर येऊन १९०६ या मदत क्रमांकावर फोन करा. ज्योत पिवळी दिसत असेल, भांडी काळी होत असतील, तर बर्नर साफ करून घ्या. गॅस वाया जातो आहे आणि हवाही खराब होते आहे.

आणि पर्यावरण?

पुष्कळ जण विचारतात, "वीज स्वच्छ असते ना?" ओट्यावर असते. तुमच्या स्वयंपाकघरात धूर आणि जळालेले वायू येत नाहीत. दमेकरी माणूस किंवा लहान मूल असलेल्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

पण वीज येते कुठून? आमच्याजवळ नर्मदेवर बरगी धरण आहे, तिथलं वीजघर ९० मेगावॉटचं. त्याच राज्यात सिंगरौलीकडे विंध्याचलचं कोळशाचं वीजकेंद्र ४७६० मेगावॉटचं. आकड्यांतच उत्तर आहे. देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. १४० युनिटांचे झाले जवळजवळ १०० किलो. सिलिंडरमधला गॅस जळून निघतात ४३ किलोच्या आसपास. म्हणजे आज ग्रिडच्या विजेवर स्वयंपाक केला तर हवेत जाणारा कार्बन जास्त. सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तसा हा आकडा उतरत जाईल, आणि छतावर पॅनल असेल तर आजच उतरेल.

दुसरी बाजूही बघा. आपण वापरतो त्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त परदेशातून, मुख्यतः आखाती देशांतून येतो. तिकडे काही बिनसलं की इकडे सिलिंडरचा भाव आणि पुरवठा हलतो. कोळसा, पाणी, ऊन आपलं आहे. देश म्हणून विजेकडे वळण्यात शहाणपण आहे. घर म्हणून आपली वेळ आपण ठरवावी.

मग काय ठरवायचं?

१५० युनिटांच्या आत असलेलं घर: गॅस मुख्य ठेवा. इंडक्शन हवंच असेल तर हात राखून, मीटर बघून वापरा.

२०० युनिटांच्या पुढे गेलेलं घर: दोन्ही ठेवा. दुसरा सिलिंडर घेण्याऐवजी एक इंडक्शन घेतलं तर टंकी मध्येच संपली तरी अडत नाही. उकडणं, उकळणं विजेवर, भाकरी आणि पापड गॅसवर.

एकटे राहणारे आजी-आजोबा किंवा शिकायला बाहेरगावी गेलेली मुलं: इंडक्शन बरं. भांडं उचललं की ते थांबतं, टायमर असतो, गॅस चालू राहून गेल्याची धास्ती नाही. आजीला काचेवरची बटणं दिसत नसतील, तर फिरवायच्या बटणाचं मॉडेल शोधा.

सौर पॅनलचं घर: निःशंकपणे वीज.

आणि कुठल्याही घरात, बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर नको.

आज संध्याकाळी दोनच कामं करा. विजेचं बिल आणि गॅसची पावती शेजारी ठेवून १४० चा भागाकार करा. आणि बाथरूममध्ये गीझर गॅसचा असेल तर वर बघा, हवा बाहेर जायला वाट आहे का. भागाकार चुकला तर पन्नास-शंभर रुपये जातील, पुढच्या महिन्यात सुधारता येईल. दुसऱ्या कामाला पुढचा महिना नाही, ते आजच करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.